होल मारून टाक

आमचे हे बोलायचे म्हणजे जिभेला भाडं पडत असल्यासारखं. "अगं, ते दे." ते म्हणजे काय, ते मी ओळखायचं. कधी चष्मा असायचा, कधी टॉवेल, एकदा तर नुसती पाठ खाजत होती आणि हवी होती मोजपट्टी. मी चिडायचे, तोंडाला येईल ते बोलायचे, आणि हे आपले गालातल्या गालात हसत उभे. भांडायलासुद्धा माणूस तयार नाही, आता काय करायचं सांगा!

आम्ही दोघंही एकाच कारखान्यात, तिथेही ह्यांची हीच तऱ्हा. भट्टीवरचे मुख्य कारागीर हेच. "उचल." "तिरकं." "राख ओढ." "बास." हाताखालच्या लोकांना ही तोडकी भाषा पाठ झाली होती, त्यामुळे काम बिनबोभाट चालायचं. नवीन माणसाच्या मात्र तोंडचं पाणी पळायचं. आणि या खेपेला तो नवीन माणूस म्हणजे आमचा जावई.

तो आधी पाण्याच्या टाक्या आणि पाइप दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. ते वर्कशॉप बंद पडलं, लेक माझ्यापाशी येऊन रडली, मी ह्यांच्या मागे लागले, आणि हे कधी नाही ते साहेबांच्या खोलीत जाऊन चार वाक्यं बोलले. पोरगं गुणी. हाताला वळण असं की वेल्ड मारून घासलं की जोड कुठे होता ते शोधून सापडायचं नाही. पण सासऱ्यासमोर असा उभा राहायचा की जणू मास्तरांनी बाकावर उभं केलंय. सांगितलेलं कळो न कळो, "हो बाबा" म्हणून मोकळा. मी त्याला चिडवायचे, "अहो जावईबापू, ते काही माणसं खात नाहीत. विचारावं की एकदा." तो लाजून हसायचा. विचारायचा मात्र नाही.

आमच्या कामाचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लोखंड उघडं राहिलं की हवा आणि पाणी त्याला खायला लागतात, तोच गंज. आम्ही त्याच्यावर जस्त चढवतो. रंगासारखं वरवर फासत नाही. लोखंडाचं आधी तेल काढायचं, मग ते आम्लाच्या हौदात, मग साध्या पाण्यात, मग क्षारांच्या पाण्यात बुचकळून लख्ख करायचं, वाळवायचं आणि वितळलेल्या जस्ताच्या भट्टीत सोडायचं. तिथे जस्त लोखंडाच्या अंगात मुरतं. पुढे कधी ओरखडा गेला तरी आजूबाजूचं जस्त गंज आधी स्वतःवर घेतं, लोखंड शाबूत राहतं. हे ह्यांनीच मला समजावलं होतं, आणि तेवढं एक त्यांनी न थांबता, पूर्ण वाक्यांत सांगितलं होतं. त्या विषयावर गडी खुलायचा.

पोकळ लोखंडाची गोष्ट वेगळी. पाइप असो, खांब असो, दोन्ही टोकांना होल हवाच, आणि चांगला अंगठा जाईल एवढा. एका होलातून जस्त आत शिरतं, दुसऱ्यातून हवा बाहेर पडते. होल नसला आणि एखाद्या जोडाला केसाएवढी फट राहिली, तर हौदातलं पाणी तेवढ्यातून आत जातं आणि आतच बसतं. तसा खांब साडेचारशे अंशांच्या जस्तात गेला की त्या पाण्याची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही, आणि ती खांब फाडून निघते. निघताना भट्टीतलं जस्त छपरापर्यंत उडवते. म्हणून आमच्याकडे पाय ठेवला की पहिला धडा हाच, बंद वस्तू भट्टीत जाणार नाही. होल नसेल तिथे ड्रिलने पाडायचा. आमच्या बोलीत, होल मारायचा. दिवसभर कोणी ना कोणी ओरडत असतं, "ह्याला होल मार रे!"

त्या दिवशी रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब आले होते. लांबलचक, पोकळ, वरच्या टोकाला झाकण आणि खाली पत्र्याची जाड बैठक. सकाळचा चहा घेत मी वेल्डिंगच्या ओट्यापाशीच उभी होते. हे जाता जाता थांबले, एका खांबाच्या टोकाला करंगळी लावून बघितली आणि जावयाला म्हणाले, "होल बारीक आहेत. सगळे मारून टाक."

"हो बाबा."

हे गेले. मी कप विसळला आणि माझ्या जागेवर गेले. दोघांचंही बोलणं मी या कानांनी ऐकलं आणि मला त्यात काडीचंही वावगं वाटलं नाही. बारीक होल मोठे करायचे असतातच.

आणि ह्यांचा स्वभाव असा की प्रत्येक वस्तू भट्टीवर जायच्या आधी हात लावून बघणार. बघितल्याशिवाय स्वतःच्या भावाच्याही कामावर विश्वास ठेवणार नाहीत. पण त्या दिवशी खांब लटकवणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "टोकं बघून घ्यायची का?" तर हे म्हणाले, "जावयाने केलंय. नको." चारचौघांत जावयाच्या कामावर सासरा बोट फिरवतोय, हे त्यांना बरं वाटलं नसणार. पोराचा मान राखला त्यांनी. हे मला नंतर कळलं, आणि त्या माणसाने ते सांगितलं तेव्हा मला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

भट्टी जेवायला थांबत नाही, आम्ही पाळीपाळीने जेवतो. माझं काम सगळ्यांत शेवटचं. भट्टीतून निघालेल्या मालाला खालच्या बाजूने जस्ताचे काटे लोंबतात, ते कानशीने घासायचे. बाहेरच्या पत्र्याच्या आडोशाला मी डबा उघडून बसले होते, तेवढ्यात जावई स्वतःचा डबा घेऊन आला.

"आई, आज बाबा खूश होतील."

"का, काय पराक्रम केलात?"

"खांबांचे सगळे होल मारून टाकले. एकही ठेवला नाही."

"शाब्बास. चांगले मोठे मारलेत ना?"

"मोठे कुठे होते? बारीक होते म्हणून तर पटापट उरकले. वर ग्राइंडरही फिरवला. आता हात लावून बघा, टोक असं गुळगुळीत झालंय की पाण्याचा थेंब आत जायचा नाही."

माझा घास हातातच राहिला. "जावईबापू, होल मारले म्हणजे नेमकं काय केलंत?"

"म्हणजे मारले. वेल्डने भरून बंद केले." माझं तोंड बघून त्याचं हसू उतरलं. "आमच्याकडे टाकी गळायला लागली की मालक म्हणायचे, मार तो होल. मारला म्हणजे बुजवला. बाबांनीच सांगितलं ना, आई? सगळे मारून टाक म्हणून?"

"खांब कुठायत?"

"क्षाराच्या हौदातून काढून वाळवले ना. बाबा आत्ता सोडतायत."

मी उठले ती अनवाणीच. डबा लवंडला, मागून तो "आई, आई" करत होता, मी काही वळून बघितलं नाही. आवारातून शेडपर्यंत अंतर ते किती, पण पायाखाली वाळू असल्यासारखं वाटत होतं, पुढे सरकतच नव्हते. "अहो! अहो, थांबा!" माझा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जातो अशी माझी ख्याती. मेले ते पंखे! धूर ओढायला भट्टीच्या डोक्यावर बसवलेले, घरघर घरघर, त्यात माझा आवाज कुठे विरला देव जाणे. आणि "अहो" म्हटल्यावर वळून बघितलं कोणी, तर दारातल्या हमालाने.

आत शिरले तेव्हा खांब अर्धे भट्टीत गेले होते. लांब माल असला की दोन हुकांवर धरतात, दोन टोकांना दोन माणसं, दोघांच्या हातात बटणांची पेटी. अलीकडे हे, पलीकडे ह्यांचा जोडीदार. अंगात चामड्याचा कोट, डोक्याला हेल्मेट, तोंडापुढे काच. खांब तिरके होऊन हळूहळू जस्तात बुडत होते आणि त्यांच्याभोवती पांढरा धूर उठत होता. मी थेट ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, जिथे जायची कोणाला परवानगी नाही तिथे. उष्णतेने डोळे उघडवेनात.

"बंद आहेत! खांब बंद आहेत! होल बुजवलेत त्याने!"

ह्यांनी बटण सोडलं. माल थांबला. काच वर केली आणि माझ्या ओठांकडे बघितलं. मी पुन्हा ओरडले. त्यांचा चेहरा मी कितीतरी वर्षं बघत आले, त्यावर भीती कधी बघितली नव्हती. त्या वेळी बघितली.

पलीकडच्या जोडीदारालाही कळलं. त्याने पेटी हातातून टाकली आणि तो पळाला. मी त्याला दोष देत नाही. नाही, खोटं कशाला बोलू? देते. आजही देते.

"तुम्हीपण चला!" मी ह्यांचा हात धरला. "चला म्हणते ना!"

"सोडून गेलो तर आतच फुटतील, अख्खी भट्टी उडेल," हे म्हणाले. "मागे हौदांवर बायका आहेत. पुढच्या दाराला त्यांना भट्टीजवळूनच यावं लागेल. तू त्यांना मागच्या शटरने काढ. मी हे वर घेतो, बाहेर फुटले तर थोडं उडेल." एवढं मोठं बोलणं मी त्यांच्या तोंडून फार थोड्या वेळा ऐकलं होतं. "अगं, जा!"

मी गेले. जायला नको होतं असं मला रोज वाटतं, आणि गेले नसते तर काय, तेही रोज डोळ्यांपुढे येतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्या बायका जगल्या काय नि मेल्या काय, मला काही वाटत नव्हतं. मला माझा माणूस हवा होता. पण त्यांनी सांगितलं होतं, आणि त्यांचं सांगणं इतक्या कमी वेळा असायचं की पाय आपोआप निघाले.

हौदांच्या ओळीत बायका गप्पा मारत माल धुत होत्या. मी ओरडत गेले, "टाका हातातलं! मागे! मागे पळा!" एक म्हणाली, "काय गं, आग लागली का?" दुसरी तोंडावरचा फडका सोडत होती. त्यांना समजावायला वेळ कुठला, मी दंड धरधरून ढकललं. मागच्या शटरला सगळ्या जणी चिकटल्या. शटर हलेना. लोकांच्या लोखंडाला जस्त चढवणारे आम्ही, आणि आमचं स्वतःचं शटर आम्लाच्या वाफांनी गंजून खाचेत रुतलेलं! साहेबांना कितीदा सांगितलं होतं, करू करू म्हणाले. मी त्याच्यावर लाथा घातल्या, शिव्या घातल्या, साहेबांच्या सात पिढ्या काढल्या. एकीने पहार आणली. तिघी-चौघींनी खालून पहार घालून रेटली तेव्हा ते किरकिरत उठलं, गुडघ्याएवढं. त्या फटीतून एकेक जण पोटावर सरपटत बाहेर गेली. एक जाड बाई अडकली, तिला मी मागून ढकललं, ती रडत होती आणि "ढकल, ढकल" म्हणत होती. सगळ्यांत शेवटी मी.

उभी राहून कपडे झटकतेय तोच आवाज झाला. कानात नाही, छातीत बसला तो. शेडचे पत्रे एकदम वर उचलल्यासारखे झाले आणि पुन्हा खाली आदळले. लगेच दुसरा. मग छपरावर, भिंतींवर, सगळीकडे टपटप टपटप काहीतरी पडायला लागलं. ते जस्त होतं.

मी शेडला वळसा घालून पुढे धावले. पुढच्या आवारात माणसं जमली होती, कोणी ओरडत होतं, कोणी नुसतं डोक्याला हात लावून बसलं होतं. दारातून पांढरा धूर लोटत होता. मी देवाला म्हणाले, तुला हवं ते घे. घर घे, माझे हातपाय घे, माझी ही जीभ तोडून घे, मी पुन्हा कोणाला वेडंवाकडं बोलणार नाही. फक्त त्यांना दे.

आणि धुरातून ते आले.

चामड्याचा कोट, हेल्मेट, तोंडापुढची काच जस्ताच्या थेंबांनी माखलेली. चालत होते! स्वतःच्या पायांनी! मी धावत गेले आणि भर आवारात, सगळ्यांसमोर त्यांना मिठी मारली. "अहो," मी म्हणत होते, "अहो, अहो," दुसरा शब्दच येईना. कोट पोळत होता तरी सोडला नाही. ते काही बोलले नाहीत. हे कधी बोलायचे की आता बोलतील, असं मनात येऊन मला हसूच फुटलं. मग लक्षात आलं की माझं डोकं त्यांच्या हनुवटीला लागतंय. ह्यांच्या तर खांद्याला माझं डोकं कधी पुरलं नाही.

मी काच वर केली. आत जावई होता.

"आई," तो म्हणाला, "मी दुसरी पेटी धरायला गेलो. एकट्याने दोन्ही टोकं उचलता येत नव्हती. बाबा म्हणाले, आधी हे घाल. मी नको म्हणत होतो. त्यांनी जबरदस्तीने चढवलं, बटणंसुद्धा त्यांनीच लावली. मग आम्ही उचलले. सगळे वर आले होते हो आई, शेवटचा खांब भट्टीच्या बाहेर आला होता..." त्याने मागे धुराकडे बघितलं. "मी त्यांना ओढायला गेलो. हाका मारल्या. बाबा गेले, आई."

मी त्याच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. तो हललासुद्धा नाही, तिसरीची वाट बघत उभा राहिला. मला तो डोळ्यांसमोर नको होता. त्याच्या अंगातला कोट ओरबाडून काढावा आणि त्याला पुन्हा त्या धुरात लोटून द्यावं असं वाटलं मला. वाटलं ते वाटलं, कोणी काही म्हणो. तिसऱ्यांदा हात उठला नाही एवढंच.

तेवढ्यात फाटकातून माझी लेक आली. त्यांचं घर मागच्याच गल्लीत, आवाज ऐकून ती घरातल्या कपड्यांवर धावत सुटली होती. जावयाची पाठ तिच्याकडे होती. तिने कोट बघितला.

"बाबा!" ती किंचाळली. "बाबा, तुम्ही आहात! मग तो कुठाय? बाबा, बोला ना, तो कुठाय?"

तो वळला.

मी माझ्या लेकीचा चेहरा बघितला. एवढा आनंद मी तिच्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता. ती त्याच्या गळ्यात पडली, त्याचं तोंड चाचपलं, हसायला लागली, रडायला लागली, "आहेस ना रे, आहेस ना" करत राहिली. तो खांबासारखा उभा. तिचा हात त्याच्या दंडावरून खाली आला आणि कोपरापाशी थांबला. तिथे कोट फाटला होता तेव्हा तिनेच ठिगळ लावून दिलं होतं, जाड दोऱ्याने, वाकड्यातिकड्या टाक्यांनी. ती त्या ठिगळाकडे बघत राहिली.

"हा बाबांचा कोट," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघितलं. "तुझ्या अंगात कसा?"

तो कोटाची बटणं काढायला लागला. ती माझ्याकडे वळली.

"आई?"

माझ्या जिभेवर सगळं होतं. कोणी काय ऐकलं, कोणी काय केलं, कोणामुळे काय झालं. एक वाक्य बोलले असते तर या दोघांचा संसार तिथेच, त्या आवारात संपला असता. आणि बोलायला मी कधी मागेपुढे बघितलंय?

"आधी त्याचे हात बघ," मी म्हटलं. "भाजलेत. पाण्याखाली धर त्यांना, चल."

तिने त्याचे हात उलटे करून बघितले आणि ती "अगं बाई" म्हणाली. मी तिला नळ कुठे आहे ते दाखवलं आणि शेडकडे निघाले. दारात मुकादम आडवा आला, "ताई, आत नका जाऊ." मी त्याला बाजूला केलं आणि आत गेले.